युनियनच्या अर्जावरची नावं कंपनीच्या टेबलावर कशी पोचतात? कामगार मंत्र्यांना खुलं पत्र

मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

साहेब, मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गेली १९ वर्षं सीएनसी मशीन चालवतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, एमआयडीसीचंही नाही, त्याचं कारण शेवटी सांगतो. हे पत्र तुम्हाला आहे पण उघड लिहितोय, कारण याआधी पाकिटात घालून पाठवलेल्या दोन पत्रांचं काय झालं ते आजपर्यंत कळलेलं नाही.

झालं असं की जानेवारीत आम्ही २३ जणांनी युनियनच्या नोंदणीचा अर्ज केला. कायद्याप्रमाणे कामगारांच्या १० टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी तेवढे सभासद लागतात, आणि काही झालं तरी सातच्या खाली चालत नाही. आमच्याकडे कायम कामगार २१०, म्हणजे २१ पुरेसे होते, आम्ही दोन जास्त धरले. एका रविवारी एकाच्या गच्चीवर बसलो, मोबाईल सगळ्यांनी घरीच ठेवायचे असं ठरलं होतं. पेंट शॉपमधला एक जण सही करायच्या आधी बराच वेळ नुसता पेन हातात धरून बसला होता, त्याच्या घराचे हप्ते चालू आहेत आणि मुलगी बारावीला आहे हे सगळ्यांना माहीत होतं म्हणून कुणी घाई केली नाही. मग त्याने सही केली आणि खाली तारीख पण टाकली. तारखेची गरज नव्हती पण त्याने टाकली.

अर्ज दिल्यावर नवव्या दिवशी एचआरने पहिल्या माणसाला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर आमच्या यादीची झेरॉक्स होती. तीच यादी, त्याच क्रमाने, माझं नाव सहावं. आम्हाला वाटलं आपल्यातलाच कुणीतरी फुटला, चार दिवस आम्ही एकमेकांकडे संशयाने बघत होतो, आणि हे मला आजही लागतं, कारण कुणीच फुटलं नव्हतं. ज्या कार्यालयात अर्ज दिला तिथूनच कंपनीला पत्र गेलं होतं की ही माणसं तुमच्याकडे कामाला आहेत का ते कळवा, आणि सोबत यादी जोडली होती.

त्यानंतर दोघांची बदली परराज्यातल्या प्लांटला झाली, सात दिवसांत हजर व्हा म्हणून. चौघांना शो-कॉज, म्हणजे कारणे दाखवा नोटीस. एकाला सलग सहा आठवडे नाईट शिफ्ट. आणि आठ जणांनी लिहून दिलं की माझी दिशाभूल करून सही घेतली. त्या आठ पत्रांच्या प्रती मी पाहिल्यात, सगळ्यांचा मजकूर एकच, आणि आठही पत्रांत दिशाभूल मधला भू ऱ्हस्व टाइप केलेला. ज्यांनी सह्या केल्या त्यांच्यावर माझा राग नाही. पेंट शॉपवाला त्या आठांत आहे, तो आता मला बघून वाट बदलतो, मला त्याचं जास्त वाईट वाटतं.

मग कार्यालयाने अर्ज परत पाठवला, सभासदसंख्या अपुरी म्हणून. साहेब, कायद्यातच लिहिलंय की अर्ज केल्यानंतर आणि नोंदणीच्या आधी अर्जदारांपैकी काही जण गळाले तरी ते निम्म्यापेक्षा जास्त नसतील तर तेवढ्यावरून अर्ज बाद होत नाही. ही तरतूद १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यातही होती, त्याच्या जागी आलेल्या नवीन औद्योगिक संबंध संहितेतही ठेवलीये. २३ मधून ८ गेले, १५ उरले. ८ हे निम्म्यापेक्षा कमी आहेत हे सांगायला वकील लागत नाही. पण आम्हाला वकील लावावा लागला.

आता मी हे सगळं फक्त माझ्या कारखान्यापुरतं लिहिलं असतं, पण माझ्या घरात चार प्रकारची कामं आहेत आणि चौघांना चार वेगळे कायदे लागतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मी कारखान्यात. माझी बायको अंगणवाडी सेविका. धाकटा भाऊ जेवणाची पार्सलं पोचवतो, ॲपवर. ताई दोन गल्ल्या सोडून राहते, ती एका धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलात नर्स आहे. आई आता घरी असते, पण आमची शिक्षणं तिने चार घरची धुणीभांडी करून केली. आणि वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, ते गिरणी कामगार, १९८२ च्या संपातले. संध्याकाळी सगळे एका खोलीत बसलो की राज्यघटनेच्या कलम १९(१)(ग) ने संघटना करायचा हक्क आम्हाला सगळ्यांना सारखाच दिलेला असतो. सकाळी कामावर गेलो की तो सारखा राहत नाही.

आता एकेक मुद्दा.

पहिला मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. सही करण्यापासून नोंदणीचं सर्टिफिकेट हातात पडेपर्यंतचा जो काळ आहे त्यात कामगाराच्या अंगावर काहीच पांघरूण नाही. संरक्षित कामगार म्हणून ज्यांना दर्जा मिळतो ते नोंदणी झालेल्या युनियनचे पदाधिकारी असतात, आणि ते संरक्षणही वाद सुनावणीत असेल तेव्हा. मग जी युनियन अजून जन्मालाच आली नाही तिच्या पहिल्या वीस-बावीस माणसांनी काय करायचं? युनियन केली म्हणून त्रास देणं ही अनुचित कामगार प्रथा आहे, हे मान्य, १९७१ च्या आपल्या राज्याच्या कायद्यातही आहे आणि नव्या संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतही आहे. पण बदलीच्या पत्रावर "युनियनमुळे" असं कोण लिहितं? तिथे "व्यवसायाच्या गरजेनुसार" लिहिलेलं असतं. मग ते सिद्ध करायचं आम्ही, कोर्टात, वर्षानुवर्षं, पगार बंद असताना.

आणि शिक्षा बघा. औद्योगिक संबंध संहिता २०२०, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्यात कंपनीने पहिल्यांदा अनुचित प्रथा केली तर दंड १० हजार ते २ लाख, तुरुंग नाही. जुन्या १९४७ च्या कायद्यात निदान सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद होती. उलट कामगार बेकायदा ठरवलेल्या संपात गेला तर त्याला दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही, पहिल्याच वेळी. दोन लाख ही रक्कम आमच्या कंपनीला एका शिफ्टचा भंगार काढण्याइतकी सुद्धा जड नाही, आणि एक महिना तुरुंग म्हणजे माझ्यासारख्याची नोकरी गेलीच समजा.

कुणी म्हणेल की यादी तपासायलाच नको का, उद्या कुणीही बाहेरची वीस नावं टाकेल. बरोबर आहे, तपासा की. पण कंपनीला कशाला विचारता? माझ्या पगारातून पीएफ कापला जातो, त्याच्या नोंदीत माझा यूएएन नंबर आहे आणि कुठली कंपनी पैसे भरते ते पण आहे. ज्यांना ईएसआय, म्हणजे कामगार विमा, लागू आहे त्यांची तिथे नोंद आहे. हे सगळं सरकारकडेच आहे, कंपनीला एक शब्द न विचारता पडताळणी होऊ शकते. मी हे कार्यालयातल्या साहेबांना विचारलं तर ते म्हणाले पद्धत अशीच आहे. पद्धत माणसांनीच घातली ना, मग माणसांनीच बदलावी.

दुसरा मुद्दा कंत्राटी पोरांचा. आमच्या शॉपफ्लोअरवर कायम २१० आणि कंत्राटी साधारण ४००, वर ट्रेनी आणि अप्रेंटिस वेगळे. माझ्या शेजारच्या मशीनवर जो मुलगा उभा असतो तो तेच ड्रॉइंग वाचतो, तेच पार्ट काढतो, रिजेक्शन झालं तर दोघांची नावं एकाच बोर्डावर लागतात. पण तो मस्टरवर कंत्राटदाराच्या आहे. अकरा महिने झाले की कंत्राटदाराचं नाव बदलतं, मुलगा तोच, मशीन तेच, नवीन गेटपास. गच्चीवरच्या मीटिंगच्या आधी त्याने मला विचारलं होतं, "काका, माझी सही चालेल का?" मला खरं उत्तर देता आलं नाही, मी म्हटलं आत्ता नको, तुझा गेटपास उद्याच बंद करतील. अप्रेंटिसला तर १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात स्पष्टच लिहिलंय की तो शिकाऊ आहे, कामगार नाही. शिकायला कुणाची ना नाही, पण तीन तीन वर्षं प्रॉडक्शनच्या टार्गेटवर उभं करून वर शिकाऊ म्हणायचं हे पटत नाही.

आता नव्या संहितेत वाटाघाटीसाठी एकमेव युनियन म्हणून मान्यता हवी असेल तर, जिथे एकापेक्षा जास्त युनियन आहेत तिथे मस्टरवरचे ५१ टक्के कामगार तुमच्या मागे पाहिजेत. कुणाच्याच मागे ५१ नसतील तर प्रत्येकी किमान २० टक्के असलेल्यांची परिषद. आपल्या राज्याच्या १९७१ च्या कायद्यात, म्हणजे कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्यात, हा आकडा ३० टक्के होता, तो पण सलग सहा महिन्यांचा. तीसवरून एकावन्न. आणि मस्टर कुणाचं? ज्या कारखान्यात दोन तृतीयांश हात कंपनीच्या मस्टरवर नाहीतच तिथे एकावन्न टक्के मिळवूनही बोलणी एक तृतीयांश लोकांचीच होणार. उरलेल्यांचं कोण बोलणार? अकरा महिन्यांनी पाटी बदलणारा कंत्राटदार?

यातच अजून एक गोष्ट येते ती लहान वाटेल पण मी ती स्वतः पाहिलीये. अर्ज केल्यानंतर आमच्यातल्या तिघांना प्रमोशन मिळालं. पद काय, तर ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह. पगारात ९०० रुपये वाढले. एकाला व्हिजिटिंग कार्ड पण छापून दिलं, ते कार्ड तो कुणाला देणार, तो दिवसभर ग्राइंडिंगवर असतो, हात तेलाने काळे. कारण असं की सुपरवायझरी काम आणि १८ हजारांच्या वर पगार असला की माणूस कायद्यातल्या कामगाराच्या व्याख्येबाहेर जातो, मॅनेजमेंटचं काम असेल तर पगार कितीही असो. हुद्दा काय यापेक्षा प्रत्यक्ष काम काय ते बघायचं असं कोर्टांनी कितीतरी वेळा सांगितलंय, पण ते कोर्टात गेल्यावर. तोपर्यंत त्या तिघांची नावं यादीतून वजा. आयटीमधल्या मुलांचं पण हेच होतं, इंजिनिअर, असोसिएट, लीड अशी पदं लावली की त्यांनाच वाटायला लागतं की आपण कामगार नाही, आणि एका दुपारी राजीनामा लिहून घेतला की मग ते विचारत फिरतात की कुठे दाद मागायची.

तिसरा मुद्दा मान्यतेचा. इथे मला दादांचं सांगायचंय. मुंबईच्या गिरण्यांना १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता, लोक त्याला बीआयआर म्हणायचे. त्या कायद्याने एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन, आणि ती म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघ. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, तेव्हा पगार आणि बोनस तर होताच पण बीआयआर रद्द करा ही पण मागणी होती. कामगार एका बाजूला आणि कायद्याने त्यांच्या वतीने बोलायचा हक्क दिलेली युनियन दुसऱ्या बाजूला. दादा म्हणायचे, आमचं कोण हे आम्हाला कुणी विचारलंच नाही. ते गावी परतले ते कायमचेच. मी हे कुणाची बाजू घेऊन सांगत नाही, संपाच्या चुकांवर पण बोलायला खूप आहे आणि सगळ्या युनियन काही धुतल्या तांदळासारख्या नव्हत्या, पुढाऱ्यांनी मालकाशी आतून संधान बांधल्याचे किस्से आमच्या एमआयडीसीत पण आहेत. पण म्हणूनच तर कामगाराला गुप्त मतदानाने आपली युनियन निवडता आली पाहिजे आणि नको झाली तर बदलता आली पाहिजे. तोच एक इलाज आहे.

आणि हे काही मी आज शोधून काढलेलं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खातं सांभाळत होते, तेव्हा १९४३ साली त्यांनी मालकांनी युनियनला मान्यता देणं सक्तीचं करणारं विधेयक मांडलं. १९४७ मध्ये ट्रेड युनियन कायद्यात तशी दुरुस्ती मंजूर पण झाली. आणि ती दुरुस्ती कधी अमलातच आणली नाही, अधिसूचनाच काढली नाही. म्हणून केंद्राच्या कायद्यात पुढची ७०-७५ वर्षं अशी गेली की युनियन नोंदवा, पण मालकाने तुमच्याशी बोललंच पाहिजे असं बंधन नाही. महाराष्ट्राने १९७१ ला स्वतःचा कायदा करून ती उणीव आपल्यापुरती भरून काढली, त्याचा मला अभिमान आहे आणि म्हणूनच हे पत्र दिल्लीला न लिहिता आधी तुम्हाला लिहितोय. याच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र करून १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. याच मुंबईचे ना. म. जोशी यांनी युनियनच्या संरक्षणाचा कायदा व्हावा म्हणून १९२१ ला मध्यवर्ती विधिमंडळात ठराव आणला. तेव्हा मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक मिलच्या मालकांनी कामगार पुढारी बी. पी. वाडिया आणि त्यांच्या युनियनवर हायकोर्टातून मनाई हुकूम आणला होता, कामगारांना एकत्र करणं हाच जणू गुन्हा. त्यातून १९२६ चा कायदा आला. शंभर वर्षं झाली त्याला, आणि आम्ही अजून यादीची झेरॉक्स कशी बाहेर गेली ते विचारतोय.

नोंदणीच्या वेळीच अडवायचं ही काही फक्त आमचीच कथा नाही. तमिळनाडूत श्रीपेरंबुदूरला सॅमसंगच्या कामगारांनी २०२४ मध्ये अर्ज केला, कंपनीने युनियनच्या नावात आमचं नाव नको म्हणून हरकत घेतली, हजारावर कामगार सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ३७ दिवस संपावर होते, प्रकरण हायकोर्टात गेलं, तेव्हा कुठे जानेवारी २०२५ मध्ये नोंदणी झाली. जगभर नाव असलेली कंपनी, सगळ्या देशाचं लक्ष, तरी इतका वेळ. आमच्याकडे तर कॅमेरा घेऊन कुणी आलेलंच नाही.

चौथा मुद्दा माझ्या घरातल्या बाकीच्यांचा.

बायकोला पगार मिळत नाही, मानधन मिळतं. ती कामगार नाही, मानसेवी आहे असं सरकार म्हणतं. सकाळी पोरं गोळा करणं, वजनं, उंच्या, पोषण आहार, ॲपमध्ये फोटो, गरोदर बायकांच्या नोंदी, वर निवडणूक आली की ते काम वेगळं. एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, म्हणजे हे काम म्हणजे निव्वळ समाजसेवा नाही हे देशातल्या सर्वोच्च कोर्टाने मानलं. पण मार्च २०१८ मध्ये याच राज्यात अंगणवाडी सेविकांना मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवेत संपाला बंदी घालणारा कायदा, लावला होता, विधिमंडळात गदारोळ झाल्यावर स्थगिती द्यावी लागली. साहेब, मला एवढंच विचारायचंय, की संप करू नये म्हणून त्या अत्यावश्यक सेवेतल्या आणि पगार द्यायची वेळ आली की मानसेवी, या दोन्ही गोष्टी एकाच बाईबद्दल खऱ्या कशा असतील? दोन्हीतलं एक काहीतरी ठरवा. त्यांच्या संघटना आहेत, मोर्चे निघतात, आझाद मैदानावर बायका लेकरं घेऊन बसतात, पण समोर बसून लेखी करार करायला बांधील असलेला मालक कोण, ते कुणीच म्हणत नाही की मी.

भावाचं उलट. त्याला ॲपवाले पार्टनर म्हणतात. सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्याच अशी केलीये की पारंपरिक मालक-नोकर नात्याच्या बाहेर काम करणारा. त्यात ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत द्यायचे आहेत, चांगली गोष्ट आहे, मी नाकारत नाही. पण विमा वेगळा आणि बोलण्याचा हक्क वेगळा. गेल्या पावसाळ्यात त्याची आयडी ब्लॉक झाली, गिऱ्हाइकाने तक्रार केली म्हणून. काय तक्रार, कुणाची, कधी, काही नाही. तो अकरा दिवस मोबाईल समोर ठेवून बसला होता, चॅटमध्ये रोज तेच उत्तर, आम्हाला तुमची गैरसोय समजते. असंघटित कामगार युनियन नोंदवू शकतात हे कायद्यात आहे, पण नोंदवून बोलायचं कुणाशी, त्या चॅटशी?

आणि हे अशक्य आहे असं कुणी म्हणू नये, कारण महाराष्ट्रानेच ते एकदा करून दाखवलंय. माथाडी. ज्या हमालाला ठरलेला मालक नाही, आज या गोदामात उद्या त्या, त्याच्यासाठी अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. मालकांनी बोर्डात नोंदणी करायची, टोळ्यांची नोंदणी बोर्डात, मजुरी आणि वरची लेव्ही, म्हणजे मजुरीवरची ठरावीक जादा रक्कम, बोर्डात भरायची, आणि बोर्डावर कामगार, मालक आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी. पाठीवर पोतं असो की पाठीवर पार्सलची बॅग असो, एकाच माणसाला दहा मालक असणं हा प्रश्न तोच आहे. ५० हून जास्त वर्षांपूर्वी तो सोडवला तेव्हा कॉम्प्युटर पण नव्हते.

ताईचं थोडक्यात. तिचं हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं. नव्या संहितेत धर्मादाय, सामाजिक, परोपकारी संस्था उद्योगाच्या व्याख्येतून बाहेर काढल्यात. १९७८ साली बंगलोर वॉटर सप्लायच्या निकालात सुप्रीम कोर्टाने उद्योगाची व्याख्या एवढी मोठी केली होती की हॉस्पिटलं, शिक्षण संस्था सगळं त्यात आलं. आता दार परत लोटून घेतलंय. पेशंटला बिल पूर्ण लागतं, बारा तासांची ड्युटी नर्सला पूर्ण लागते, मग धर्मादाय नक्की कुठे आहे हे तिला कळत नाही. आणि आईसारख्या घरकाम करणाऱ्यांची घरगुती सेवा तर संहितेने सरळ नाव घेऊनच वगळली. शिक्षकांना वर्कमन, म्हणजे कायद्यातला कामगार, मानायचं नाही हे तर १९८८ पासून आहे. पोलिसांवर १९६६ च्या कायद्याने बंधनं आहेत, त्यांच्या बाबतीत मी लगेच युनियन द्या असं म्हणत नाही, त्याची कारणं वेगळी आहेत, पण बाकीच्यांच्या बाबतीत कारण काय हे कुणीतरी समोर येऊन सांगायला पाहिजे.

संपाचं फार लांबवत नाही. आता कुठल्याही कारखान्यात १४ दिवसांची नोटीस लागते, आणि निम्म्या किंवा जास्त कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तरी तो संप धरतात. संप हा शेवटचा उपाय आहे हे आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त कळतं, संपात घरातली चूल बंद होते ती आमचीच, दादांच्या वेळी मी लहान होतो पण ते मला आठवतं. म्हणून तर आधी बोलायला युनियन हवीये.

आता मागण्या. कामगार हा विषय समवर्ती सूचीतला आहे, संहितेखालचे नियम करणं आणि नोंदणीची पद्धत ठरवणं यात राज्याला अधिकार आहेत, त्यामुळे पहिल्या चार गोष्टी तुमच्या हातातल्या आहेत असं मी धरतो.

युनियनच्या अर्जातली नावं कुठल्याही परिस्थितीत कंपनीला देऊ नयेत, पडताळणी पीएफ आणि ईएसआयच्या नोंदींवरून करावी, आणि आजवर जिथे नावं दिली गेली तिथे ती कुणाच्या सहीने गेली याची चौकशी करावी.

अर्जाच्या तारखेपासून निर्णय होईपर्यंत आणि त्यानंतर सहा महिने, अर्जदारांची बदली, निलंबन, बडतर्फी किंवा हुद्द्यात बदल कामगार खात्याच्या लेखी परवानगीशिवाय करता येणार नाही असं करावं. त्या काळात काही झालंच तर ते युनियनमुळे झालं नाही हे कंपनीने सिद्ध करावं, कामगाराने नाही.

अर्जावर ठरलेल्या मुदतीत, लेखी कारणासह निर्णय द्यावा. आमच्या अर्जावर जो शेरा मारलाय तो एका ओळीचा आहे, त्यात कलम नाही.

युनियन कोणती ते गुप्त मतदानाने ठरवावं, आणि जे कंत्राटी कामगार वर्षभर त्याच छताखाली काम करतात त्यांना त्या मतदानात मुख्य कंपनीचे कामगार म्हणून धरावं. १९७१ च्या कायद्यातलं संरक्षण कमी होऊ देऊ नये.

अंगणवाडी आणि आशा या बायकांना कामगार म्हणून मान्यता देऊन त्यांच्या संघटनेशी दरवर्षी लेखी बोलणी करावीत. ॲपवर काम करणाऱ्यांसाठी माथाडीच्या धर्तीवर बोर्ड करावं, त्यात त्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी असावेत, आणि आयडी ब्लॉक करण्याआधी कारण आणि सुनावणी मिळावी. ट्रस्टची हॉस्पिटलं आणि घरकाम वगळण्याबद्दल राज्याने केंद्राला आपलं म्हणणं लेखी कळवावं. आणि तेव्हाच हे पण विचारावं की भारत १९१९ पासून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा संस्थापक सभासद आहे, तरी संघटना स्वातंत्र्याचा ८७ क्रमांकाचा आणि सामूहिक वाटाघाटींचा ९८ क्रमांकाचा करार आपण अजून का स्वीकारला नाही.

यात पगारवाढीची एकही मागणी नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. पगाराचं आम्ही कंपनीशी बोलू, बोलायला बसता आलं तर.

परत आलेल्या अर्जावर आम्ही अपील केलंय, पोच माझ्याकडे आहे. परराज्यात बदली झालेल्या दोघांपैकी एक तिकडे हजर झाला, दुसरा इथेच आहे, त्याची आई अंथरुणाला खिळलेली आहे, त्याचा पगार तीन महिने बंद आहे आणि आम्ही १५ जण दर महिन्याला थोडे थोडे काढून त्याच्या घरी देतो.

आता नावाचं. माझं नाव कंपनीकडे आहेच, सहाव्या नंबरवर, त्यामुळे माझ्यापुरती लपवण्यासारखी काही गोष्ट नाही. पण इथे नाव लिहिलं की प्लांट कळतो, आणि प्लांट कळला की यादी बाहेर गेल्यानंतर जे ११ जण नव्याने सभासद झालेत ते कोण हे शोधायला सुरुवात होईल. त्यात तो शेजारच्या मशीनवरचा मुलगा पण आहे, यावेळी त्याने विचारलं नाही, सरळ सही केली. त्या ११ जणांची नावं सध्या फक्त एका वहीत आहेत. ही वही तुमच्या कार्यालयात द्यायची आमची तयारी आहे, ती तिथून पुढे कुठे जाणार नाही हे तुम्ही लेखी द्या, दुसऱ्या दिवशी मी स्वतः घेऊन येतो.

आपला,
युनियनच्या अर्जावरचा सहावा सहीदार